डांबराचा धूर आणि उघड्या हवेचा युक्तिवाद

डांबरीकरणाच्या कामावरील मजुरांच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुराचा विषय निघाला की एक उत्तर तयार असते : काम उघड्यावर चालते, माळावर वारा असतो, धूर वर निघून जातो, त्यामुळे चार भिंतींच्या आत राबणाऱ्या कारखान्यातील कामगाराशी रस्त्यावरच्या मजुराची तुलना करण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, जिथे टेंभुर्णीहून कुर्डुवाडीमार्गे बार्शीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोकळे शिवार लागते, हे उत्तर सहज पटते. कंत्राटदार ते देतो, देखरेखीवरचा अभियंता ते मान्य करतो आणि पुष्कळदा मुकादम व मजूरही तेच बोलून दाखवतात. हे उत्तर चुकीचे आहे, आणि त्याची किंमत ते देणाऱ्याला मोजावी लागत नाही. फावडे, दंताळे आणि घमेले ज्यांच्या हातात असते त्यांना ती मोजावी लागते, म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे आवश्यक ठरते.

त्याआधी एका शब्दाची गाठ सोडवली पाहिजे. मराठीत ‘डांबर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या पदार्थांना लावला जातो. एक म्हणजे दगडी कोळशापासून कोक तयार करताना निघणारे कोळसा-डांबर, ज्यातून कपाटातल्या डांबरगोळ्यांचे नॅफ्थलीन मिळवले जात आले. दुसरे म्हणजे खनिज तेलातून पेट्रोल, डिझेल इत्यादी काढून घेतल्यावर तळाशी उरणारे बिटुमेन. आजचे रस्ते या दुसऱ्या डांबराने होतात. कोळसा-डांबर माणसात कर्करोग घडवते याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये दुमत उरलेले नाही, आणि बिटुमेनमध्ये कर्करोगाशी संबंध असलेली संयुगे त्या मानाने फारच कमी असतात. बचावपक्ष हा फरक पुढे करतो तेव्हा तो बरोबर असतो, आणि तो मोकळेपणाने मान्य केला तरच पुढचा वाद स्वच्छ होतो. मात्र कमी घातक म्हणजे निर्धोक असा अर्थ त्यातून निघत नाही.

बिटुमेन थंड असताना जवळजवळ काहीच सोडत नाही. उन्हाने मऊ झालेल्या रस्त्याला जो वास येतो तेवढाच. प्रश्न निर्माण होतो तो ते तापवल्यावर. आपल्याकडच्या रस्त्यांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० या प्रतीच्या बिटुमेनचे खडीशी मिश्रण, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१३ सालच्या विनिर्देशांनुसार, हॉटमिक्स प्लांटवर १५० ते १६५ अंश सेल्सिअस तापमानाला तयार व्हावे लागते आणि रस्त्यावर पसरताना ते किमान १४० अंश असावे लागते. जड वाहतुकीसाठीच्या व्हीजी-४० या अधिक घट्ट प्रतीसाठी हे आकडे आणखी चढे आहेत. एवढ्या उष्णतेत बिटुमेनमधील हलके घटक वाफ होऊन उडतात, वरच्या तुलनेने थंड हवेत येताच त्यांतील काही पुन्हा गोठून अतिसूक्ष्म थेंब बनतात, आणि वाफ व थेंब यांचा तो निळसर राखी पडदा म्हणजेच डांबराचा धूर. डोळ्यांची आग, घशाची खवखव, खोकला आणि डोकेदुखी हे त्याचे तात्काळ परिणाम असून त्यांबद्दल कोणत्याही देशात वाद नाही. या धुराचा एक गुणधर्म पुढील सगळ्या विवेचनाचा पाया आहे : प्रयोगशाळेतील मोजमापांनुसार बिटुमेनचे तापमान दर अकरा-बारा अंशांनी वाढले की धुराचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. म्हणजे रस्त्यावर किती धूर निघणार हे वाऱ्याच्या कितीतरी आधी, प्लांटच्या बर्नरपाशी ठरलेले असते.

उघड्या हवेचा युक्तिवाद इथेच अडखळतो. वारा धूर वाहून नेतो हे खरे, पण तो कोठून कोठे नेतो हे पाहिले पाहिजे. पेव्हर, म्हणजे टिपरमधून मिश्रण घेऊन ते ठराविक जाडीत अंथरणारे यंत्र, चालू असताना त्याच्या मागच्या बाजूला आडवा फिरणारा मळसूत्री दांडा ते मिश्रण डावी-उजवीकडे ढकलत असतो, आणि सर्वांत दाट धूर नेमका तिथे उठतो. त्याच्यावर, हातभर अंतरावर, यंत्र चालवणारा बसलेला असतो आणि पट्ट्याची जाडी सांभाळणारे दोघे बाजूच्या फळीवर उभे असतात. मागून दंताळेवाले कडा सारख्या करत वाकून चालतात, आणि वाकलेल्या माणसाचे तोंड तापलेल्या थरापासून दोन-अडीच फुटांवर असते. धूर वाऱ्यावर विरण्याआधी या चेहऱ्यांवरून जातो. पेव्हर जिथे पोचत नाही अशा गावाच्या आतल्या रस्त्यावर तर मिश्रण घमेल्याने टाकले जाते. घमेले भरताना, उचलताना आणि उलटताना ते टाकणाऱ्या बाईच्या छातीशी किंवा तोंडाशी असते, खाली पायाला गोणपाट गुंडाळलेले असते, आणि दिवसभरात अशा शेकडो खेपा होतात. शंभर फुटांवर जीपपाशी उभ्या असलेल्या माणसाला वास येत नाही यावरून या बाईच्या श्वासात काय गेले याचा अंदाज बांधता येत नाही.

माढ्याकडे आणखी एक युक्तिवाद कानी येतो आणि तो वरवर अधिक व्यवहारी वाटतो. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा ४२-४३ अंशांच्या घरात जातो, उन्हाचाच त्रास इतका असतो की त्यात धुराची भर ती काय पडणार, असे त्याचे स्वरूप असते. शरीराच्या बाजूने पाहिले तर हा तर्क उलटा आहे. उन्हात कष्ट करणारा माणूस अधिक वेगाने व खोल श्वास घेतो, म्हणजे त्याच हवेतून अधिक धूर आत ओढतो. घाम आलेल्या, तापलेल्या त्वचेतून तेलकट द्रव्ये शोषली जाण्यास अधिक वाव मिळतो. आणि उकाड्यामुळे तो बाह्या वर करतो, गळ्याचे फडके सोडतो.

रस्त्याच्या बाजूने पाहिले तर हा तर्क त्याहूनही लंगडा ठरतो. मिश्रण नेमलेल्या मर्यादेहून अधिक तापवण्याची सवय लागते ती मुख्यतः एका भीतीपोटी : प्लांट दूर आहे, टिपर रस्त्यात अडकेल, माल थंड पडला तर रोलरखाली नीट दबणार नाही. युरोपच्या थंड हवेत या भीतीला काही आधार आहे. माढ्यात मे महिन्यात दुपारी हवाच ४२ अंश असते, खालचा जुना रस्ता ऊन खाऊन त्याहूनही तापलेला असतो, आणि त्यावर पडलेला थर हळूहळू निवतो, म्हणजे दाबायला वेळ अधिक मिळतो. ज्या मुलखात कमी तापवून भागते तिथेच ‘थोडे जादा गरम असू दे’ असे सांगितले जाते, हे समजण्यापलीकडचे आहे. शिवाय जास्त तापवलेले बिटुमेन हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून कडक व ठिसूळ होते, आणि त्याचा परिणाम पुढच्या दोन-चार वर्षांत भेगांच्या रूपाने दिसतो. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची वाहतूक सोसावी लागणाऱ्या या तालुक्यातील रस्त्यांना तो ठिसूळपणा परवडणारा नाही. मजुराचे आरोग्य आणि रस्त्याचे आयुष्य या ठिकाणी एकाच पारड्यात आहेत.

आता कर्करोगाचा मुद्दा, कारण बचावपक्षाचे सर्वांत भक्कम म्हणणे तिथे आहे आणि ते टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बिटुमेनचा अभ्यास करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या १०३व्या ग्रंथात छपरांवर वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिडीकृत बिटुमेनच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’, म्हणजे २-अ गटात, आणि रस्त्यावरील बिटुमेनच्या कामाला ‘कदाचित कर्करोगकारक’, म्हणजे त्याखालच्या २-ब गटात टाकले. याच संस्थेच्या पुढाकाराने युरोपातील काही देश व इस्रायलमधील कामगारांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिटुमेनच्या धुराचा फुफ्फुसाच्या कर्करोगाशी ठोस, सुसंगत संबंध आढळला नाही. या दोन गोष्टींच्या आधारे ‘काही सिद्ध झालेले नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

परंतु हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. २-ब म्हणजे ‘सौम्य’ असे वाचणे ही त्या वर्गीकरणाची चुकीची समजूत आहे. आणि युरोपातील कामगारांवरून काढलेला निष्कर्ष माढ्यातल्या मजुरावर जसाच्या तसा लावण्यापूर्वी त्या कामगाराचे काम आणि या मजुराचे काम शेजारी ठेवून पाहावे लागेल : तिथे यंत्राने अंथरणे हा नियम होता, इथे घमेल्याने टाकणे आजही चालते, तिथे प्लांटचे तापमान यंत्रावर नोंदले जात होते, इथे किरकोळ डागडुजीच्या कामावर लाकडाच्या जाळावर ठेवलेल्या पिंपात तापमापक बुडवला जात नाही. ज्या अभ्यासात ही परिस्थिती आलीच नाही तो अभ्यास या परिस्थितीला निर्दोष ठरवू शकत नाही. शिवाय श्वसनमार्गाचा दाह, दम लागणे, त्वचेचे विकार यांच्यासाठी कर्करोगाच्या पुराव्याची वाट पाहण्याची गरजच नाही. ते आजच होतात.

भारतीय कायद्याने या धोक्याची दखल फार पूर्वी घेतलेली आहे, हे सांगणे इथे अगत्याचे आहे. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत, टार, पिच, बिटुमेन, खनिज तेल इत्यादींमुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा समावेश होता. म्हणजे ‘बिटुमेनमुळे कामगाराला रोग होऊ शकतो’ हे तत्त्व देशात नवे नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी होती : अनुसूचीच्या ज्या भागात हा आजार होता त्या भागातील आजारांसाठी कामगाराने एकाच मालकाकडे सलग किमान सहा महिने काम केलेले असावे अशी अट होती. डांबरीकरण दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडावर थांबते, टोळी एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जाते, हजेरी मुकादमाच्या वहीत असते. अशा मजुराला सलग सहा महिने दाखवता येणे दुरापास्त. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा रस्त्याच्या कामालाही लागू होता आणि त्याच्या जोडीच्या कायद्याने बांधकामखर्चावर एक टक्का उपकर घेतला जात होता, पण त्यातील नोंदणीसाठीही मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कामाची जागा रोगकारक धोक्यांपासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. त्या कर्तव्यात डांबराचा धूर येत नाही असे कोणालाही म्हणता येणार नाही.

तरीही प्रत्यक्षात हे कर्तव्य मजुराच्या नाकावर येऊन थांबते. ‘त्यांना मास्क दिले तरी ते लावत नाहीत’ ही तक्रार वारंवार केली जाते आणि तिच्यात दोष मजुराचा ठरतो. पदर, उपरणे किंवा कापडी मास्क धुरातील सूक्ष्म थेंब फारसे अडवत नाही आणि वाफ तर मुळीच अडवत नाही. तेलकट थेंब अडवणाऱ्या गाळणीच्या जोडीला वाफ शोषणारे कोळशाचे डबे असलेला रबरी मुखवटा लागतो, आणि तो ४२ अंशांच्या उन्हात, दीडशे अंशांच्या मालाशेजारी, फावडे मारताना आठ तास घालून ठेवणे माणसाच्या आवाक्यातले नाही. जे साधन चालत नाही ते न लावल्याबद्दल मजुराला दोष देणे हा अन्याय आहे. औद्योगिक आरोग्यशास्त्रात म्हणूनच उपायांचा एक क्रम मानला जातो : आधी धोका उगमापाशी कमी करा, मग तो यंत्राने ओढून घ्या, आणि मुखवटा सर्वांत शेवटी, उरलेल्यासाठी. आपल्याकडे हा क्रम शेवटच्या पायरीपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो.

उगमापाशी धोका कमी करण्याचा मार्ग उपलब्ध आहे आणि तो देशाच्या नियमपुस्तकांतही आहे. मिश्रणात अल्प प्रमाणात रासायनिक पूरक द्रव्य किंवा मेण घालून, अथवा बिटुमेनमध्ये पाण्याचा फेस करून, ते नेहमीपेक्षा २० ते ४० अंश कमी तापमानाला खडीवर नीट चढेल असे करता येते. याला वॉर्म मिक्स, कोमट मिश्रण, म्हणतात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात हे तंत्र पुढे आले आणि इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ मध्ये त्यासाठी ‘एसपी १०१’ ही मार्गदर्शिका काढली. वरच्या दुपटीच्या नियमाने हिशेब केला तर १६५ ऐवजी १३५ अंशांना केलेल्या मिश्रणातून पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच धूर निघायला हवा. रस्त्यावर मोजलेली घट याहून कमी आहे : युरोपातील पद्धती पाहून अमेरिकी महामार्ग प्रशासनाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कामगारांपर्यंत पोचणाऱ्या धुरात ३० ते ५० टक्के घट आणि प्लांटच्या इंधनात ११ ते ३५ टक्के बचत नोंदवली आहे. सुमारे एक तृतीयांश ते निम्मी घट हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

खर्चाचा आक्षेप इथे हमखास येतो. साडेतीन-पावणेचार मीटर रुंदीच्या ग्रामीण रस्त्यावर चार सेंटिमीटर जाडीचा थर घातला तर एका किलोमीटरला सुमारे साडेतीनशे टन मिश्रण लागते आणि त्यात वीसेक टन बिटुमेन असते. रासायनिक पूरक द्रव्याचे प्रमाण बिटुमेनच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत धरले तरी किलोमीटरला ते फार तर शंभर किलो होते. या शंभर किलोंसमोर वाचलेले इंधन मांडले की ‘परवडत नाही’ हा शब्द टिकत नाही. तांत्रिक आक्षेप मात्र खरा आहे : कमी तापवलेल्या खडीत ओलावा राहिला तर बिटुमेन सुटू शकते. पण हा आक्षेप माढ्यात सर्वांत कमी लागू पडतो, कारण पर्जन्यछायेतल्या या अवर्षणप्रवण भागात काम चालते ते कोरड्या महिन्यांत, आणि मार्च ते मे या काळात खाणीवरची काळी खडी उन्हात वाळून कोरडी झालेली असते. थंड व ओल्या देशांत जे तंत्र चालले ते इथे चालणार नाही म्हणणे पटत नाही.

वॉर्म मिक्सही सगळीकडे पोचणार नाही. खड्डे बुजवण्याच्या आणि वाडीवस्तीच्या छोट्या कामांवर आजही पिंप, सरपण आणि डबा हीच सामग्री दिसते. जाळाचा धूर, डांबराचा धूर आणि हात-अवजारे पुसायला वापरलेले डिझेल हे तिन्ही एकत्र होतात. या कामांसाठी पाण्यात मिसळलेल्या बिटुमेनचे, म्हणजे इमल्शनचे, थंड मिश्रण अधिक योग्य आहे. त्याचीही मार्गदर्शिका, ‘एसपी १००’, २०१४ चीच आहे. ते घट्ट व्हायला वेळ लागतो आणि साखर हंगामात उसाच्या ट्रॉल्या लगेच सोडल्या तर ते उखडते, ही त्याची मर्यादा मान्य केली पाहिजे. पण हंगाम संपल्यानंतर गावच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायला लाकूड पेटवून पिंप उकळण्याचे कोणतेही तांत्रिक कारण उरत नाही.

यंत्रांच्या बाबतीत तर पुढारलेल्या देशांचा अनुभव पाव शतकाहून जुना आहे. अमेरिकेत जानेवारी १९९७ मध्ये सरकारी खाती, पेव्हर बनवणारे कारखाने, डांबर उद्योग आणि कामगार संघटना यांच्यात झालेल्या करारानुसार, १ जुलै १९९७ नंतर तयार होणाऱ्या सात टनांहून अधिक वजनाच्या महामार्गावरील पेव्हरवर मळसूत्राच्या वर झाकण आणि धूर ओढून चालकाच्या डोक्यावरून सोडणारी नळी बसवण्यात येऊ लागली.  जर्मनीने श्वासातील बिटुमेनच्या धुराची मर्यादा घनमीटरला १.५ मिलिग्रॅम ठरवली आणि उद्योगाला ती गाठण्यासाठी मुदत दिली. आपल्याकडे नव्या पेव्हरची ऑर्डर देताना ही जोडणी मागितली तर ती मिळते. मागण्याची सक्ती नाही, एवढेच.

ही सक्ती निविदेत यायला हवी. निविदा काढणारी यंत्रणा सार्वजनिक बांधकाम विभाग असो, जिल्हा परिषद असो की महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्था, कामाच्या जागी आज तापमान पाहिले जाते ते प्रामुख्याने एका बाजूने : माल किमान मर्यादेखाली गेला का. विनिर्देशांमध्ये मिश्रणाच्या तापमानाची कमाल मर्यादाही आहे, पण तिचे उल्लंघन झाले म्हणून टिपर परत पाठवल्याचे सहसा ऐकू येत नाही. टिपर आल्यावर तापमापक खुपसून जो आकडा नोंदवहीत लिहिला जातो, त्याच्याच शेजारी कमाल मर्यादेचा रकाना घालायला आणि तो ओलांडणारा माल नाकारायला एक रुपयाही लागत नाही. टिपरच्या फाळक्याला डिझेल फासण्याऐवजी साबणाचे पाणी वापरा, ही अटही तशीच बिनखर्चाची. वॉर्म मिक्सचा दर अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून, घमेल्याने गरम माल टाकण्याला मनाई, आणि दंताळेवाल्यांचा दर तासाला पाळीबदल व सावलीची जागा हे मात्र निविदेच्या अटींत लिहून, मोजमाप पुस्तिकेत त्याची नोंद घेऊन आणि त्याचे पैसे देऊनच घडेल. मुकादमाच्या सद्भावनेवर सोडून ते घडणार नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की माढा तालुक्यातली डांबराची कामे थांबतात, पेव्हर शेडखाली जातात आणि टोळ्या पांगतात. दिवाळीनंतरच्या कामांची अंदाजपत्रके कार्यालयांतून तयार होतात ती याच चार महिन्यांत.